तीन हेडफोन, एक उजेड

वाचता वाचता डोळे मिटता येत नाहीत हे खरं, पण मनातले डोळे मिटता येतात. तेवढे मिटा.

आता समजा, तुमच्यासमोर एक हातमाग आहे. विणकर हाताने दोरी ओढतो आणि धोटा सुटतो. धोटा म्हणजे आडवा दोरा पोटात घेऊन धावणारी छोटी लाकडी होडी. डावीकडून निघते, उजवीकडे जाऊन धडकते. सुर्रर्र, खट्. पुन्हा उलटी. सुर्रर्र, खट्. ऐकलंत? आता तो माग काढून टाका. विणकरही काढून टाका. तुमच्या कानांवर फक्त एक हेडफोन ठेवा. तरीही धोटा डाव्या कानापाशी सुटतो, कपाळामागून वीत वीत पुढे सरकतो आणि उजव्या कानापाशी थांबतो. कुठे उडी नाही, कुठे खड्डा नाही. जणू तुमच्या डोक्यातच कुणी कापड विणतंय.

असा हेडफोन मिनलच्या भारती आत्याने केला होता. विकत आणला नव्हता, केला होता.

मिनल सहावीत होती. तिचं घर नागपुरात गोळीबार चौकाजवळच्या एका गल्लीत. कधीकाळी त्या गल्लीत घरोघरी माग होते. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत, शिकवण्या आहेत, आणि मिनलच्या घरातली मागाची खोली भारती आत्याची कार्यशाळा झाली आहे. आत्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. लोकांचे बिघडलेले हेडफोन दुरुस्त करता करता तिला वाटलं, आपणच एक करून पाहावा. कानावरच्या वाट्या तिने सागवानाच्या केल्या. गाद्यांना घरच्या हातमागावर पूर्वी विणलेल्या सुती कापडाची खोळ शिवली. आणि आतली कॉइल, म्हणजे आवाज हलवणारं तारेचं वेटोळं, तिने स्वतःच्या हाताने गुंडाळलं, तेही घरातल्या जुन्या रहाटावर. ज्या रहाटावर तिची आई धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची, त्याच रहाटावर आत्या केसाहून बारीक तांब्याची तार भरत बसायची. तार तुटली की म्हणायची, "हं, झालं! पुन्हा शून्यापासून." आणि खरंच पुन्हा सुरुवात करायची.

असे बरेच तुटके दिवस गेल्यावर तो हेडफोन वाजला. आत्याने आबाजींना, म्हणजे मिनलच्या आजोबांना, उमरेडला त्यांच्या चुलतभावाकडे नेऊन मागावर बसवलं आणि दोन माइक लावून त्यांचं विणणं रेकॉर्ड केलं. रुपराव आबाजी माग सोडून गांधीबागेतल्या कापडाच्या पेढीवर लागले त्याला जमाना झाला होता, पण हाताने ठेका सोडला नव्हता. तोच आवाज मिनल रोज शाळेतून आल्यावर ऐकायची.

आता अडचण कुठे होती ते ऐका.

मनीषनगरात 'कानोसा' नावाचं हेडफोनचं दुकान होतं. साधे हेडफोन नव्हेत. एकेकाची किंमत ऐकली तर आबाजी खुर्ची शोधायचे. दुकानाचा मालक भूपेश. दुकानात मध्यभागी काचेचं कपाट, त्यात परदेशी हेडफोन दिवे लावून ठेवलेले, जसे सोनाराकडे हार. आत्याने एकदा आपला हेडफोन त्यांना दाखवला. भूपेशने तो हातात फिरवून पाहिला आणि सरळ सांगितलं, "ताई, दिसायले तं भल्ला सुंदर आहे. पण मी दिसणं विकत नाही. रविवारी या. डोळे बांधून ऐकू. ह्या जर्मन अन् जपानीच्या बरोबरीनं उभा राहिला, तं माह्या कपाटात मधल्या फळीवर जागा तुमची."

घरी येऊन आत्या रहाटापाशी बसली. मग मिनलला म्हणाली, "हे पाय वं मिनू. पुण्याच्या कंपनीतून फोन येऊन राहिला. नोकरी पक्की आहे म्हणते. रविवारी जमलं तं मी इथंच राहीन, अन् हेच करीन. नाही जमलं, तं रहाट झाकून ठेवतो अन् पुण्याले जातो."

 मिनलने रहाटाकडे पाहिलं. झाकलेला रहाट कसा दिसेल, हे तिला पाहायचंच नव्हतं.

शनिवारी आबाजींनी तिला गांधीबागेत नेलं, फ्रॉकचं कापड घ्यायला. पेढीवर दोन हिरवे ताके निघाले. मिनलने झटकन बोट दाखवलं, "मले हे पायजे. हे चमकून राहिलं."

"अन् हे दुसरं?"

"ते मेलेलं आहे, आबाजी."

आबाजी हसले नाहीत. त्यांनी दोन्ही ताके उचलले, एक या खांद्यावर, एक त्या खांद्यावर, आणि थेट दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात पसरले. मिनल पाहतच राहिली. मेलेलं कापड पोपटासारखं जिवंत झालं होतं, आणि चमकणारं कापड फिकं, विरविरीत दिसत होतं.

"हे काय झालं?"

"काही नाही झालं. ते ट्यूबलाइटच्या खाली होतं अन् हे अंधाऱ्या कोपऱ्यात. तू कापड नाही निवडलं, उजेड निवडला." आबाजींनी ताक्याची घडी घातली. "गांधीबागेतला कोणताच शहाणा व्यापारी दोन कापडं दोन उजेडात पाहत नाही. आधी उजेड सारखा करा, मंग बोला."

मिनलने पोपटी कापड घेतलं आणि ती गोष्ट विसरली. म्हणजे तिला वाटलं की विसरली.

रविवारी सगळे 'कानोसा'त जमले. आबाजींनी येताना संत्रा बर्फीचा डबा आणला होता, कारण रिकाम्या हाताने जायचं नाही हा त्यांचा नियम. ऐकायला चौघं बसणार होते. एक स्वतः भूपेश. दुसऱ्या प्रेमिलाबाई, गाणं शिकवायच्या. त्यांच्या गळ्यात चष्मा आणि पर्समध्ये लवंग कायम. तिसरा श्रावण. हा संगणकाच्या कंपनीत होता आणि दर रविवारी दुकानात येऊन सगळे हेडफोन ऐकून जायचा, घ्यायचा मात्र एकही नाही. आणि चौथी मिनल. भूपेशच म्हणाला होता, "लहान पोरांचे कान सगळ्यात चांगले. आपले तं हॉर्न ऐकून ऐकून गेले." आत्याला मात्र बाहेर बाकावर बसायचं होतं. आपल्या पोराच्या परीक्षेत आईने वर्गात थांबायचं नसतं.

श्रावणने सागवानी हेडफोन पाहिला आणि म्हणाला, "काय गा भूपेशभाऊ, हा हेडफोन आहे का सुपारीचा डबा?"

"तोंड बंद, कान उघडे," भूपेश म्हणाला. "नियम ऐका."

नियम कडक होते. ऐकणाऱ्याने डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा, नागपुरात उन्हाळ्यात गाडीवरून जाताना बांधतात तसा, फक्त जरा वर. तिन्ही हेडफोनच्या वाट्यांवर, गाद्यांसकट, एकसारख्या पातळ सुती टोप्या चढवल्या होत्या, म्हणजे पाहून किंवा स्पर्शावरून ओळखू येऊ नये. हेडफोन भूपेशने स्वतः धरायचा, म्हणजे वजनही कळू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाजाचं बटन. भूपेशने ते एका जागी आणलं आणि वरून चिकटपट्टी लावून टाकली.

"हे कोणी हलवायचं नाही," तो अभिमानाने म्हणाला. "तिघांनाही बटन एकाच जागी. कोणाले झुकतं माप नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मिनललाही ते अगदी बरोबर वाटलं. तुम्हालाही वाटलं ना?

आधी प्रेमिलाबाईंचं तानपुऱ्यासह गाणं वाजलं, त्यांनी स्वतःच रेकॉर्ड करून आणलेलं. मग आबाजींचा माग. एक, दोन, तीन असे हेडफोन बदलत गेले. कोणता कुठला, हे फक्त भूपेशला माहीत. त्याची स्वतःची पाळी आली तेव्हा त्याने डोळे बांधले आणि आबाजींनी हेडफोनचा क्रम बदलून त्याला ऐकवलं.

मिनलची पाळी आली. दुपट्ट्याच्या आत अंधार होता. पहिला हेडफोन लागला. आवाज छान होता, बारीक, स्वच्छ, पण थोडा कोरडा, स्टीलच्या ताटात वाटी ठेवल्यासारखा. दुसरा लागला आणि तिच्या अंगावर शहारा आला. केवढा जोर! मागाची धडधड छातीत वाजत होती, लग्नाच्या वरातीत बँडच्या शेजारून चालावं तशी. तिसरा लागला. तो कुठून तरी लांबून आला. भिंतीपलीकडून, झोपेतून आल्यासारखा.

"कोणता?" भूपेशने विचारलं.

"दोन. तीन शेवटी, तो लांबून आल्यासारखा," मिनल म्हणाली. तिला शंकाच नव्हती.

श्रावण म्हणाला, "दोन. तीनमध्ये तं जीवच नाही." प्रेमिलाबाई म्हणाल्या, "दोन. तीन जरा दबलेला वाटला बाई." भूपेशनेही डोळे बांधलेले असताना त्याच हेडफोनला शेवटी टाकलं होतं.

मग त्याने टोप्या काढल्या. एक जर्मन होता. दोन जपानी होता. आणि तीन सागवानी.

 मिनलनेच आत्याला शेवटी टाकलं होतं. रोज संध्याकाळी जो आवाज ती ऐकायची, ज्याच्यासाठी ती होमवर्क बाजूला ठेवायची, त्यालाच तिने 'लांबून आलेला' म्हटलं होतं. आत्याला बोलावलं गेलं. तिने निकाल ऐकला, "बरं," म्हणाली आणि आपला हेडफोन मऊ फडक्यात गुंडाळायला लागली. घडी नीट बसेना, तरी ती पुन्हा पुन्हा तीच घडी घालत होती.

"आत्या, जरा थांब ना," मिनल म्हणाली.

"काहून वं?"

"मले एकदा डोळे उघडे ठेवून ऐकायचं आहे."

कुणी हरकत घेतली नाही. लेकरू आहे, ऐकू दे. मिनलने आधी जपानी लावला. तोच जोर, तीच वरात. तिने धोट्याकडे लक्ष दिलं. डावीकडे सुर्र, आणि एकदम उजवीकडे खट्! मधला रस्ता कुठे गेला? धोटा धावत नव्हता, उडी मारत होता. मग तिने सागवानी लावला. पहिल्यांदा नुसता हळू आवाज. तिने श्वास रोखला आणि कान लावला. आणि त्या हळू आवाजाच्या आत धोटा चालत होता, अगदी रोजच्यासारखा. कानापासून कपाळ, कपाळापासून कान. वीत वीत. मेलं काहीच नव्हतं. सगळं होतं, फक्त कोपऱ्यात होतं.

कोपऱ्यात.

आणि मिनलला गांधीबागेतली पायरी आठवली. तिने हेडफोन काढला.

"भूपेशकाका, उजेड सारखा नव्हता!"

"काय?"

"म्हणजे आवाज! आवाज सारखा नव्हता. तुमचा जपानीवाला मोठ्यानं वाजून राहिला होता, अन् आत्याचा हळू. आम्ही मोठ्या आवाजाले चांगला म्हटलं."

भूपेशला जरा लागलंच. "अवं, बटन तं हललंच नाही. पट्टी लावली आहे, पाय ना."

"बटन सारखं होतं, काका. आवाज नव्हता." मिनल अडखळली. मनातलं नीट सांगायला तिला उदाहरण सापडेना. मग सापडलं. "हत्तीले अन् बकरीले एक एकच भाकर देल्ली, तं बरोबर दिल्यासारखं होते का?"

"घ्या!" श्रावण टाळी वाजवत म्हणाला. "हरले की पंच बदलवा. अबे, असं तं मी पण प्रत्येक परीक्षेत म्हणू शकतो."

मिनलने आत्याकडे पाहिलं. आत्याचे कान लाल झाले होते. ती हळूच म्हणाली, "ती खरं सांगते. माह्या कॉइलमध्ये तार बारीक आहे अन् वेढे जास्त. तिले हलवायले जोर जास्त लागते. त्याच बटनावर ती हळूच वाजन."

"मंग तुम्ही आधी काहून नाही सांगितलं, ताई?"

"काय सांगू? माह्यासाठी आवाज वाढवा म्हणू? पास होण्यासाठी मार्क मागितल्यासारखं वाटलं असतं."

 भूपेश दाढी खाजवत होता. बोलणं खरं वाटत होतं, पण परीक्षा झाली होती, निकाल लागला होता, आणि नियम त्याचेच होते. तुमच्यापैकी जे कधी वर्गाचे मॉनिटर झाले असतील त्यांना हे दुखणं कळेल.

तेव्हा मिनल उठली. "काका, मले एक गंमत करू द्या. मंग तुम्ही म्हणाल तसं. श्रावणदादा, तू बस."

"मी? बाप्पा! मी काहून?"

"तुह्या कानावर सगळ्यांचा भरोसा आहे म्हणून."

आता असं म्हटल्यावर कोण उठेल? श्रावण ऐटीत बसला. मिनलने त्याच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला, चिमटीने ओढून घट्ट केला, आणि भूपेशकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. तिने बटनावरची चिकटपट्टी अलगद उचलली. भूपेशने हात पुढे केला, मग मागे घेतला. तिने जर्मन हेडफोन श्रावणच्या कानावर ठेवला. गाणं वाजलं. "हा झाला एक नंबर," ती म्हणाली. तिने हेडफोन काढला, टेबलावर ठेवला, आवाज होऊ दिला, दुसरा उचलल्यासारखं केलं, आणि तोच हेडफोन पुन्हा त्याच्या कानांवर चढवला. फक्त बटन अगदी थोडं, अर्ध्या पेराएवढं, पुढे सरकवलं.

"अन् हा दोन नंबर."

श्रावणचा चेहरा उजळला. "हा! हा खरा! पहिला तं एकदम कंजूस होता. ह्याच्यात पाहा कसं सगळं मोकळं झालं. बास खोल आहे, आवाज पुढे येऊन राहिला, तानपुरा तं जसा समोर बसला. भूपेशभाऊ, हा कोणता गा? हा मी घेऊन टाकीन!"

पहिल्यांदा प्रेमिलाबाई हसल्या. त्यांना लवंगेचा ठसका लागला. मग आबाजी. मग भूपेश खुर्चीच्या पाठीवर डोकं टाकून असा हसला की कपाटाच्या काचा वाजल्या.

श्रावणने दुपट्टा ओढला. त्याच्या कानांवर एक हेडफोन होता. टेबलावर जर्मन हेडफोनची जागा रिकामी होती आणि बाकीचे दोघे जिथल्या तिथे होते.

"म्हणजे..." तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "म्हणजे तोच?" आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. हे त्याचं चांगलं होतं. "अबे, ह्या पोरीनं मले बकरी बनवलं!"

"तुले नाही, श्रावण, मले," भूपेश म्हणाला. त्याने बटनावरची उरलीसुरली चिकटपट्टी खरडून काढली, तिचा गोळा केला आणि खिडकीबाहेर नाही, नीट कचऱ्याच्या डब्यात टाकला. "इतके रविवार झाले, मी हीच पट्टी लावून राहिलो. माहीत नाही कोणाकोणाले कोपऱ्यात बसवलं असन. चला, पुन्हा. अगदी पहिल्यापासून."

पण आवाज सारखा करायचा कसा? कानाला सारखा वाटला म्हणून चालणार नव्हतं. कान किती फसतो ते आत्ताच पाहिलं होतं. भूपेशने खणातून आवाज मोजायचं छोटं यंत्र काढलं. त्याच्या टोकाला पेनाच्या टोपणाएवढा माइक होता. हेडफोन तर डोक्यावर बसतो, आणि यंत्राला डोकं नाही.

"डोकं मी देतो," आत्या म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज नेहमीसारखा झाला. तिने आबाजींच्या संत्रा बर्फीच्या डब्याचं झाकण मागून घेतलं आणि कात्रीने पुठ्ठ्याचा गोल कापला. मध्ये भोक पाडून त्यात माइक घट्ट बसवला. हेडफोनची वाटी त्या पुठ्ठ्यावर दाबून धरली की माइकला वाटतं, मी कानात बसलोय. झाकण गेलं म्हणून बर्फी उघडी पडली आणि उघडी पडली म्हणून ती संपवावी लागली. प्रेमिलाबाईंनी तर तीन खाल्ल्या.

भूपेशने एक साधा सपाट आवाज लावला, नळ सोडल्यासारखा एकसुरी. मिनलने यंत्राचा आकडा पाहायचा, आत्याने वाटी दाबून धरायची, भूपेशने बटन फिरवायचं. जपानीचा आकडा आला तिथे त्याने बटनाशेजारी पेन्सिलीने बारीक रेघ मारली. जर्मनला तोच आकडा यायला बटन थोडं पुढे न्यावं लागलं. दुसरी रेघ. सागवानीला चांगलंच पुढे. तिसरी रेघ. तीन रेघा तीन ठिकाणी होत्या आणि आकडा एकच.

 आबाजी तीन रेघांकडे पाहून म्हणाले, "आता आले सगळे पायरीवर."

दुसरी फेरी सुरू झाली. आत्या पुन्हा बाहेर बाकावर गेली. भूपेश म्हणाला, "जागा देणारा मी आहे, तं आता आधी मी ऐकतो." आबाजींनी टोप्या पुन्हा चढवल्या आणि क्रम बदलला. आता कोणता कुठला हे फक्त त्यांना ठाऊक होतं आणि कोणत्या हेडफोनला कोणती रेघ तेही तेच पाहत होते.

भूपेशने दुपट्टा बांधला. पहिला ऐकला. "स्वच्छ. बारीकसारीक सगळं दाखवते. पण ऊब कमी." दुसरा ऐकला. "खाली मजबूत आहे. ढोल ऐकायचा तं हाच. पण आवाज जरा डब्यातून." तिसरा ऐकला. आधी प्रेमिलाबाईंचं गाणं वाजलं, त्याने मान हलवली. मग माग लागला.  त्याचं बोट हवेत उठलं आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे गेलं. मग उजवीकडून डावीकडे. धोट्याबरोबर. त्याला स्वतःला कळलंही नाही.

"हा तिसरा," तो शेवटी म्हणाला, "ह्याच्यात आबाजी इथं बसून विणून राहिले. माह्यासमोर. मले त्यांचा हात दिसून राहिला."

आबाजींनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला असं दाखवलं. दुकानात एसी चालू होता.

मग प्रेमिलाबाईंना आबाजींनी ऐकवलं. त्या गाणाऱ्या माणसाच्या पद्धतीने ऐकत होत्या, ओठ हलवत. "तिसरा. माझा श्वास ऐकू आला. गाताना मी कुठे श्वास घेते, ते माझ्या विद्यार्थ्यांनाही ऐकू येत नाही." श्रावणने जपानी निवडला. "खोटं नाही बोलत गा, मले ढोल पायजे. पण दुसरा नंबर तिसऱ्याचा, अन् फरक एवढासा." त्याने चिमूट दाखवली. मिनलने डोळे बांधून ऐकलं तेव्हा तिला मनातून भीती वाटत होती. या वेळीही चुकले तर? पण तिसऱ्यात धोटा सुटला, कपाळामागून सरकला, आणि तिला दुपट्ट्याच्या अंधारातही घरची मागाची खोली दिसली. "तीन," ती म्हणाली.

भूपेशने तिसऱ्यावरची टोपी काढली. खाली सागवान होतं.

"भारतीताई!" तो एवढ्या जोरात ओरडला की बाकावरची आत्या दचकून उभीच राहिली. "आत या! पुण्याले फोन करा अन् सांगा, येत नाही म्हणून!"

आत्या दारात आली. सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे तिला आधी काहीच कळलं नाही. श्रावण सांगत होता, "ताई, सुपारीच्या डब्याची माफी." प्रेमिलाबाई तिचे दोन्ही हात धरून श्वासाबद्दल काही सांगत होत्या. भूपेशने तोवर काचेचं कपाट उघडलं होतं. त्याने जर्मन डावीकडे सरकवला, जपानी उजवीकडे, आणि मधली फळी आपल्या बाहीने पुसली. "ढोलात जपानी पुढे आहे, ते मी गिऱ्हाइकाले सांगीन," तो म्हणाला. "खोटं सांगून विकणार नाही. पण गळ्याचा आवाज अन् खोलीचा आवाज ऐकायचा असन, तं मधल्या फळीवर हात जाईन माहा."

आत्याने मान हलवली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, दोन्ही एकदम. तिने आपला हेडफोन उचलला, फळीवर ठेवायला हात वर केला आणि थांबली.

"मिनू," ती म्हणाली, "सगळ्यांनी डोळे बांधून ऐकलं. मीच नाही ऐकलं वं. मले तं नेहमी माहीतच असते, हा माहा म्हणून."

मग मिनलने काय केलं सांगू?

तिने आत्याच्या हातातून हेडफोन काढून घेतला आणि तिला खुर्चीवर बसवलं. दुपट्टा घेऊन आत्याच्या डोळ्यांवर घट्ट बांधला, मागे गाठ मारली. तिन्ही हेडफोनवर टोप्या चढवल्या, ते टेबलावर गोल फिरवून त्यांचा क्रम बदलला, आणि पहिला उचलण्याआधी वाकून, डोळा अगदी बटनाजवळ नेऊन, ते त्या हेडफोनच्या पेन्सिलीच्या रेघेवर बरोबर आणून ठेवलं.